मुकी साखर

आत्याला साखरेचा आजार निघाला हे कारखान्यात कळलं, तेव्हा आधी सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. हसू येण्यासारखंच होतं ते. जिचा उभा जन्म पाकाच्या वाफेत गेला, तिच्या रक्तात साखर सापडली यात नवल ते काय? साचा फिरवणारा माणूस, ज्याला सगळे साचेवालाच म्हणत, तो तेवढा पुटपुटला, "विहिरीत पाणी सापडलं म्हणण्यासारखी गत."

आत्याने ते ऐकलं. तिच्या कानांतून सुटेल असा शब्द त्या खोलीत अजून कोणी बोलला नव्हता.

"सापडलंय तर उपसू," ती म्हणाली. "तू साचा फिरव."

कारखाना हा शब्द तसा मोठाच. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याखाली काढलेल्या दोन खोल्या होत्या त्या. पुढच्या खोलीत भट्टी, भट्टीवर तांब्याची कढई, समोर तेलाचा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला संगमरवरी ओटा आणि कडेला हाताने फिरवायचा साचा. मागच्या खोलीत साखरेची पोती, रंगांच्या पुड्या, अर्काच्या बाटल्या आणि बरण्यांची रांग. इथे गोळ्या बनत. लिंबाच्या पिवळ्या, पुदिन्याच्या पांढऱ्या, आणि त्या लाल, ज्या पोरं गालात धरून ठेवतात आणि मग एकमेकांना जीभ काढून दाखवतात.

आत्या ही मालकाची आत्या. पण माल उचलायला येणारा टेम्पोवाला तिच्याहून वयाने मोठा असून तिला आत्याच म्हणे. तिचा बाप कारखाना चालवत होता, तेव्हा ती परकरातली पोर ओट्याच्या कडेला उभी राहून सांडलेले तुकडे वेचायची. एकदा असाच तुकडा तोंडात टाकून तिने बापाला सांगितलं होतं, "आज आंबट झोपलंय." बापाने हसून सोडून दिलं. मग न राहवून स्वतः चाखून पाहिलं, आणि लिंबूसत्त्वाच्या डब्याचं झाकण उघडं राहून ते ओलसर झालेलं सापडलं. त्या दिवसापासून ओट्यावरचा माल साच्यात जाण्याआधी एक तुकडा तोडून तिच्या हातावर ठेवायचा, अशी रीतच पडली. भावाला बापाने हिशेब शिकवला. हिला काही शिकवलं नाही. हिला फक्त विचारलं.

मधे तिचं लग्न झालं. सासरी तिला सांगण्यात आलं की हातांचा जळक्या साखरेचा वास जाईपर्यंत चुलीपाशी यायचं नाही. वास काही गेला नाही. आत्याच गेली, आपली पेटी उचलून. लोक म्हणत, बिचारीचं लग्न मोडलं. आत्या त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

"मोडलं नाही. सोडलं. मोडतं ते बरणीचं झाकण."

पुढे बाप गेला, दादा गेला, दादाच्या जागी त्याचा मुलगा आला. कढई होती तिथेच राहिली आणि कढईपाशी आत्या. पाक चढू लागला की त्याच्या बुडबुड्यांचा आवाज जड होत जातो, तो ती पाठमोरी असतानाही ओळखायची. भाच्याने आणलेला थर्मामीटर खिळ्याला टांगलेला असे आणि ती तो वापरतही असे, तिचं त्याच्याशी काही वैर नव्हतं. पण लिंबूसत्त्व दमट हवेत पाणी धरतं, वजनाला पुरेपूर भरतं आणि आंबटपणात कमी पडतं. अर्काची बाटली नवी असली की उग्र, तळाला आली की मवाळ. तेव्हा शेवटचा शब्द जिभेचा, हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

आणि आता त्या जिभेवरच पहारा बसला.

भाचा वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणसाला माया आली की तो कुलूप विकत आणतो. डॉक्टरांनी साखर वर्ज्य सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली भाचेसुनेच्या पदराला. घरातला साखरेचा डबा फळीवरून कुठेतरी गायब झाला. चाखायचं काम भाच्याने स्वतःकडे घेतलं.

"मी चाखून थुंकत जाईन," आत्या म्हणाली.

"थुंकलीस की नाही हे कोण बघत बसणार?"

"मी सांगते आहे ना."

"आत्या, तू सांगशील गं," भाचा म्हणाला, "पण जीभ ऐकेल का?"

ते खोटं नव्हतं. त्याची पाठ वळली की ती चाखायची आणि थुंकायची. पण चारदा थुंकून पाचव्यांदा गिळायचीही. रात्री तळपायांची आग व्हायची तेव्हा तिला तो पाचवा तुकडा आठवायचा.

तरीही जे पुढे झालं ते व्हायला नको होतं. एका सकाळी ती ओट्यावर माल घडी घालत होती, गालात काहीतरी धरून. भाचेसून दारातून आत आली आणि तिथेच थांबली. ही भाचेसून नाकासमोर चालणारी, सांगितलेलं काम चोख करणारी. नवऱ्याने लक्ष ठेव म्हणून सांगितलं होतं, ती ठेवत होती.

"आत्या, तोंडात काय आहे?"

"लवंग."

"तोंड उघडा बघू."

साच्याची घरघर थांबली. साचेवाल्याने मान फिरवून भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे काही लिहिलंय. आत्याने तोंड उघडलं. जिभेवर लवंग होती, चघळून पांढरी पडलेली. भाचेसुनेचा चेहरा पडला. ती काहीतरी बोलायला गेली, पण आत्याने तोंड मिटलं, घडी पुरी केली, हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि ती रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेली.

दवाखाना वैद्यबाईंचा होता. एक बाक, एक उंच लाकडी कपाट, दगडी खल, आणि खिडकीत ओळीने मांडलेल्या कुंड्या. दोघी एकमेकींना वर्षानुवर्षं रस्त्याच्या दोन कडांवरून ओळखत. वैद्यबाई तिला पाहून म्हणाल्या, "या. तुमच्या गोळ्या खाऊन दात किडवलेली पोरं माझ्याकडे येतात, तुम्ही स्वतः आज पहिल्यांदाच आलात."

"मग उपकार माना," आत्या बाकावर बसत म्हणाली. "बाई, मला औषध नको. डॉक्टरांचं चालू आहे. मला कुलूप पाहिजे."

"कशाला?"

"जिभेला. आणि किल्ली माझ्याकडे राहील असं."

वैद्यबाईंनी तिची नाडी पाहिली. मग डॉक्टरांच्या गोळ्या कोणत्या, रक्त कधी तपासलं, चक्कर येते का, जखम लवकर भरते का, हे सगळं नीट विचारून घेतलं. मग उठून खिडकीतल्या एका वेलाची दोन पानं खुडली, धुतली आणि तिच्या हातावर ठेवली. समोरासमोर जोडीने येणारी, लांबट, मऊ लव असलेली साधी पानं. कुंपणावर दिसली असती तर आत्याने वळूनही पाहिलं नसतं.

"चघळा. जिभेवर सगळीकडे फिरवा. गिळू नका."

चव गवतासारखी होती, थोडी कडू, थोडी खारट. आत्याने चोथा थुंकला, चूळ भरली. वैद्यबाईंनी चमचाभर साखर पुढे केली. आत्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग चमचा तोंडात घातला.

साखर नव्हतीच. दाताखाली खरखर होती, ओल होती, विरघळणं होतं, पण जे यायला हवं होतं ते आलं नाही. तिने पुन्हा वाट पाहिली. वाळू. स्वच्छ, पांढरी, विरघळणारी वाळू.

"मुकी झाली," वैद्यबाई म्हणाल्या. "साखर आहे तिथेच आहे. तुमच्याशी बोलत नाही, एवढंच."

"किती वेळ अबोला?"

"तासभर धरा. कधी त्याहून कमी." त्यांनी तिच्या हातून चमचा घेतला. "थुंका ती. आणि नीट ऐका. मधुनाशिनी म्हणतात हिला. बाजारात गुडमार, काही ठिकाणी बेडकीचा पाला. आमच्या शास्त्रात हिचं मोठं नाव आहे. पण ही तुमचा आजार पळवून लावेल असं मी सांगणार नाही. डॉक्टरांची गोळी सोडायची नाही, रक्त तपासत राहायचं, आणि पाला चघळताय हे त्यांच्याही कानावर घालायचं. माझ्याकडून तुम्हाला मिळेल ते एवढंच."

"एवढंच तर मागत होते," आत्या म्हणाली. मग विचारलं, "बेडकी का म्हणतात?"

"कोण जाणे."

"नाव बेडकीचं आणि करणी नागिणीची."

वैद्यबाई हसल्या आणि त्यांनी मुळं फुटलेली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली.

रस्ता ओलांडताना आत्या मधेच रेंगाळली. कारखान्यातून पाकाचा वास येत होता, तोच, जन्मापासूनचा. या वासाबरोबर रोज तिच्या तोंडात काहीतरी जागं व्हायचं, हाका मारायचं. आज वास आला आणि हाक आली नाही. खूप माणसं एकदम बोलत असलेल्या खोलीतून बाहेर पडल्यावर कानांना जसं वाटतं, तसं तिच्या जिभेला वाटलं. ते सुख होतं की दुःख, हे तिने ठरवलं नाही. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तशी ती बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटण्याआधी तिने सगळ्यांना ओट्यापाशी उभं केलं. वैद्यबाईंकडून आणलेली पानं चघळली, थुंकली. मग भाचेसुनेला म्हणाली, "कुलूप काढ."

भाचेसुनेने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? काढ."

पोत्यातली मूठभर साखर आत्याने सगळ्यांदेखत तोंडात टाकली. चावली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग मोरीत थुंकून तिने खळखळून चूळ भरली.

"माती," ती म्हणाली. "मातीला कोणी राखण ठेवत नाही. आजपासून माझं तोंड कोणी बघायचं नाही. मला बंदी घालायची तर मी घालीन."

मग साऱ्यांनाच पानं हवी झाली. साचेवाल्याने एक चघळून वर लाल गोळी तोंडात टाकली आणि म्हणाला, "आत्या, गोटी गिळल्यासारखं वाटतंय, पण गोटी निदान खेळता तरी येते." भाचेसुनेने तशाच जिभेने चहाचा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून पेला खाली ठेवला. भाचा तेवढा लांब उभा राहिला. त्याचं म्हणणं, गोळ्यांच्या कारखान्यात असली वनस्पती म्हणजे पोलिसाच्या घरात चोर पाळणं. पण कुलूप निघालं ते निघालंच. फांदी आत्याने कारखान्याच्या दाराशी फुटक्या बादलीत लावली. दोन पावसांनी तिने पत्र्याची कड गाठली.

आत्या रोज कामाला लागण्याआधी पानं चघळायची, जेवणानंतर पुन्हा. चाखायचं काम भाच्याकडेच राहिलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळ्यांचं प्रमाण तसंच ठेवलं आणि रक्त मात्र लवकर लवकर तपासायला सांगितलं. पायांची आग हळूहळू कमी झाली. ती गोळ्यांनी की पथ्याने की पाल्याने, हे कोणी सांगू शकत नव्हतं आणि आत्याला त्याच्यावर भांडायचंही नव्हतं. तिला झोप येऊ लागली होती.

पण सवय ही मांजरासारखी असते. पोत्यात घालून लांब सोडून या, आपल्याआधी घरी हजर.

लिंबाच्या गोळ्यांचा घाणा होता आणि भाचा बाजारात गेला होता. आत्याने पाक ओट्यावर ओतला, कडा आत दुमडल्या, लिंबूसत्त्व आणि अर्क घालून माल मळला, आणि हात आपसूक चालत गेले. एक तुकडा तोडला, फुंकला, तोंडात टाकला. मघाशीच चघळलेला पाला जिभेवर होता. गोडाचा मागमूस नाही. उरलं ते नुसतं लिंबू, नागडं, दातांना झिणझिण्या आणणारं. आंबट फार झालं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि मनाला आपण कुठल्या जिभेने चाखलं हे विचारायचं सुचलं नाही. पुढचे सगळे घाणे तिने लिंबूसत्त्व निम्म्यावर आणून काढले.

टेम्पोवाल्याने डबे परत आणून दारात मांडले.

"आत्या, ही गोळी आहे की खडीसाखर? दुकानदार म्हणतो, लिंबाचा फक्त रंग दिसतो."

आत्याने एका डब्याचं झाकण उघडून पाहिलं. चाखलं नाही. डोळ्यांपुढे तो घाणा उभा राहिला आणि सगळं लख्ख झालं.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "पाला जिभेवर असताना चाखलं. परत असं होणार नाही."

तसं झालंही नाही. कारण त्या दिवसापासून तिने तुकडा तोंडापाशीही नेला नाही. तुकडा तोडायचा आणि भाच्यापुढे धरायचा. भाचा दिवसभर चहा पिणारा, मधून मधून सिगरेट ओढणारा. त्याच्या जिभेला दोनच शब्द येत, "चांगलंय" आणि "चालेल." संत्र्याला म्हणे चांगलंय, पुदिना कडू पडला तरी म्हणे चालेल. आत्याला त्याच्या तोंडाकडे पाहून कळायचं की हा चाखत नाही, नुसता गिळतोय. पण ती पाक चढवत राहिली, माल ओढत राहिली. कढईपाशी उभं राहायचं तर हे सोसायलाच हवं होतं.

तक्रारी येत राहिल्या. एक घाणा उग्र, दुसरा पाणचट. एका मोठ्या दुकानाने गोळ्या दुसरीकडून मागवायला सुरुवात केली, तेव्हा भाचा दुपारच्या वेळी ओट्यापाशी स्टूल ओढून बसला. भाचेसून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आत्या," भाचा अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "पाला सोड ना."

आत्या कढई घासत होती. तिने हात थांबवला नाही.

"म्हणजे अगदी सोड असं नाही. कामाच्या वेळी तेवढा नको. सकाळी मालाची चव बघ, मग दुपारी खुशाल चघळ. तुझ्या जिभेवर हे दुकान उभं राहिलंय, हे मला कळत नाही का?"

"कळतं? कधीपासून?"

"आत्या, टोमणे नकोत."

"टोमणा नाही, विचारते आहे. कुलूप घालताना कळत होतं?"

"ते तुझ्याच काळजीपोटी होतं."

"आणि हे?"

भाचा गडबडला. "हे... हेही तसं तुझ्याच... आता तू चाखून थुंक ना. थुंकायला काय झालं? एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?"

भाचेसुनेने मान खाली घातली. आत्याने कढई उपडी घातली आणि हात कोपरापर्यंत धुतले.

"ऐक," ती म्हणाली. "मी थुंकते म्हणाले होते तेव्हा तू म्हणालास, जीभ ऐकेल का. खरं बोललास तू. माझी जीभ ऐकत नव्हती. मी थुंकायची आणि मी गिळायचीही, आणि तुमच्याशी खोटं बोलायची. साठी उलटलेली बाई मी, चोरासारखी तोंड मिटून फिरत होते. या पाल्याने माझी त्यातून सुटका केली. आता दुकानाला हवी म्हणून ती भूक मी परत जागी करू? तेव्हा साखर विष होती. दुकानदार रागावला तर तिचं अमृत झालं?"

"असं कोण म्हणतंय?"

"तूच. आत्ता. एवढ्याशा तुकड्याने काय होतंय म्हणालास."

भाचा उठला. मवाळ आवाज संपला होता. "मग आत्या, तूच सांग. चाखणार नसशील तर कढईपाशी कशाला? पाक कोणीही चढवेल, त्याला थर्मामीटर आहे. मी एक माणूस बघतो. तू घरात बस, आराम कर. लोक काय म्हणतील मला, म्हातारीला भट्टीसमोर राबवतो."

आत्याने पदराला हात पुसले. त्या दुपारी पहिल्यांदा तिला भीती वाटली. आजाराची वाटली नव्हती एवढी. घरातल्या त्या खुर्चीची भीती, जिच्यावर बसवलं की माणसाला चहा आयता मिळतो आणि कोणी काही विचारत नाही.

सकाळी ती कारखान्यात आली तर दाराशी वेल नागवा उभा होता. पत्र्यापर्यंत गेलेल्या सगळ्या फांद्यांवरून पान अन् पान ओरबाडलेलं. देठांना पांढरा चीक आला होता. खाली एकही पान पडलेलं नव्हतं. ज्याने केलं त्याने झाडूनही घेतलं होतं.

भाचा भट्टीपाशी उभा राहून काडी ओढत होता. "बकरी आली असेल," तो म्हणाला, मागे न बघता.

"केर काढणारी बकरी पहिल्यांदाच ऐकते," साचेवाला म्हणाला, आणि लगेच साच्याला तेल घालायला वाकला.

आत्या रस्ता ओलांडून गेली. वैद्यबाई दार उघडतच होत्या. त्यांनी विचारलं नाही. आत्याचा चेहरा पाहिला आणि सावलीत वाळवलेल्या पाल्याची पूड कागदात बांधून दिली. "ताज्या पानासारखंच काम करते," त्या म्हणाल्या. "चिमूटभर पुरे."

ती परतली तेव्हा कढईत साखर भिजत पडली होती. भाचा हाताची घडी घालून उभा. भाचेसून ओट्याला तेलाचा हात देत होती. आत्या ओट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तिने पुडी उघडली, चिमूट जिभेवर ठेवली आणि भाच्याच्या डोळ्यांत बघत सावकाश तोंडभर फिरवली. मग मोरीत थुंकली.

"ही जीभ माझी आहे," ती म्हणाली. "ती तेव्हा तुझी नव्हती आणि आताही नाही. हात मात्र मी या कढईला दिलेत. ते हवे असतील तर पेटव भट्टी. नको असतील तर आत्ता सांग, सगळ्यांसमोर. पण आत्या आराम करते असं लोकांना सांगायचं नाही. तिला हाकलली म्हणून सांगायचं."

भाच्याने हाताची घडी सोडली. तो काहीतरी म्हणणार तोच साचेवाल्याने पुढे होऊन भट्टी पेटवली. "साखर भिजलीय मालक," तो म्हणाला. "भिजलेली साखर भांडण संपायची वाट बघत नाही."

पाक चढला. बुडबुडे आधी हलके, मग जड. आत्याने थेंब गार पाण्यात सोडला, तो कटकन मोडला. कढई दोघांनी धरून उतरवली, माल ओट्यावर पसरला, कडा आत आल्या. रंग, लिंबूसत्त्व, अर्क. आत्याने मळून तुकडा तोडला आणि सवयीने भाच्यापुढे धरला.

"चांगलंय," भाचा तुकडा तोंडात टाकण्याआधीच म्हणाला.

भाचेसून वळली आणि घरात गेली. माल गार होत चालला होता, आणखी जरा वेळ गेला असता तर त्याला घडी पडली नसती. ती परत आली ती एक बरणी घेऊन. पिवळ्या गोळ्यांची, अर्धी रिकामी.

"ही कुठून काढलीस?" आत्याने विचारलं.

"घरातलीच आहे. तुम्ही चाखायचात तेव्हाची." ती जराशी लाजली. "पोरांसाठी ठेवली होती. तुमच्यापासून लपवून."

तिने बरणीतली एक गोळी तोंडात टाकली, थोडी चघळली, कागदात काढून ठेवली. पाण्याचा घोट घेतला. मग ओट्यावरचा तुकडा. डोळे मिटून घेतले. पुन्हा पहिली गोळी. पुन्हा तुकडा. साचेवाला साच्याचा दांडा धरून वाट पाहत होता.

"आंबट कमी आहे," ती म्हणाली. "आणि अर्क जरा जास्त. घशाशी लागतो."

"तुला काय कळतंय त्यातलं?" भाचा म्हणाला.

"मला नाही कळत. मी फक्त दोन्हीतला फरक सांगते आहे."

"फरक सांगणाऱ्याचंच काम आहे ते," आत्या म्हणाली. "किती कमी?"

"आं?"

"आंबट किती कमी? चिमूट की अर्धा चमचा?"

"चिमूट," भाचेसून म्हणाली. मग तिने पुन्हा तुकडा जिभेवर फिरवला. "नाही. चिमटीहून जास्त. चुकलं तर?"

"चुकेल. चुकलं की माल पुन्हा कढईत जाईल आणि उद्या तू परत चाखशील. घाल तुझ्या हाताने."

भाचेसुनेने डब्यातून लिंबूसत्त्व घेतलं, हातावर तोललं, त्यातलं थोडं परत टाकलं आणि उरलेलं मालावर भुरभुरलं. आत्याने ते आत घेऊन माल मळला. तिला त्याची चव कळणार नव्हती, आज नाही आणि पुढेही नाही. तिने विचारलंही नाही. माल हाताखाली लवचीक झाला होता, ओढायची वेळ आली होती, आणि ओढायला समोर दुसरा माणूस लागतो.

भाचा अजून तिथेच उभा होता, हात लोंबकळत सोडून.

"उभा काय राहिलास?" आत्या म्हणाली. "हाताला तेल लाव आणि धर ते टोक."

त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग बाह्या दुमडल्या, तेल लावलं आणि पिवळ्या गोळ्याचं एक टोक धरून तो मागे सरकला.

"आणखी," आत्या म्हणाली. "अजून ओढ. तुटत नाही."